पडत्या काळाची शिदोरी

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वर्धापनदिन हा आनंदाचा दिवस. अशा दिवशी वाईट काळाचा विषय काढू नये, असे काही जणांना वाटेल. अध्यक्षांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, ‘संकटाची तयारी.’ ते हसून म्हणाले, ‘अहो, आज खीर केलीय आणि तुम्ही दुष्काळ वाढता काय?’ पण बंधूंनो, घरावरचे पत्रे उन्हाळ्यातच नीट करून घ्यावे लागतात. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर खिळे शोधायला निघालेला माणूस भिजणारच. चार घास सुखाचे मिळत आहेत, तेव्हाच हे बोलायला पाहिजे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

२०२० साली २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्याआधी आपण जयंतीची वर्गणी जमवली होती. भोजनदानासाठी तांदळाची सात पोती आणि तूरडाळीची दोन पोती विहाराच्या मागच्या खोलीत येऊन पडली होती. टाळेबंदी झाली, आपण विहाराला कुलूप लावले आणि किल्ली घेऊन घरी बसलो. आपल्याच वस्तीत भाड्याच्या खोलीत एक विधवा भगिनी दोन लेकरांना घेऊन राहत होती. धुणीभांडी करून पोट भरायची. कामे एका दिवसात बंद झाली. रेशनकार्डात नाव सासऱ्याच्या, आणि कार्ड गावाकडे. आठ दिवस तिने कोणाला काही सांगितले नाही. मागायची सवय नव्हती, बरं का. शेवटी लेकराच्या रडण्यावरून शेजारणीला समजले की त्या घरात दोन दिवस चूल पेटलेली नाही.

विहारापासून तिची खोली शंभर पावलांवर. इकडे सात पोती तांदूळ कुलपात आणि तिकडे लेकरं उपाशी. आम्ही कार्यकर्ते म्हणवून घेणारे! त्या दिवशी कुलूप काढले आणि घरोघर तांदूळ पोचवला, त्याबद्दल नंतर आमचा सत्कारही झाला. पण त्या आठ दिवसांचे काय? धान्य जवळ होते, मनही वाईट नव्हते; कोणाच्या घरी काय कमी आहे हे ठाऊक असलेला एकही माणूस आमच्यात नव्हता. आजचे भाषण त्या आठ दिवसांसाठी आहे, असे समजा.

विद्वान लोक म्हणतात, अर्थव्यवस्था कोलमडते, समाजाची घडी विस्कटते. आपल्या वस्तीत त्याला साधी नावे आहेत : काम बंद, दुकान बंद, गिरणी बंद, रस्ता बंद. हे आपण एकाच आयुष्यात कितीदा पाहिले ते आठवून बघा.

१९७२ साली आम्ही सात वर्षांचे होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका; आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. पावसाने पाठ फिरवली आणि खरीप हातचे गेले. गावात ज्यांच्याकडे पेव होते, बळद होते, त्यांनी मागच्या सालची ज्वारी बाहेर काढली. आमच्या वाड्यात पेव कुठून असणार? सालगड्याच्या घरात आठ दिवसांच्या वर दाणा कधी टिकलाच नाही. तरोट्याची भाजी खाल्ली, ती संपल्यावर रेशनवरचा मिलो खाल्ला. ती अमेरिकेची तांबडी ज्वारी. तिची भाकर थापता थापता हातातच तुटायची. माय खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, ती अर्धी खाऊन अर्धी पदराच्या गाठीला बांधून आमच्यासाठी आणायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे अशी दुष्काळी कामांवर होती.

त्या दुष्काळात आपल्याला कोठीने तारले नाही, कामाने तारले. आणि ते काम कोणी कनवाळूपणाने घरी आणून दिले नव्हते. ‘काम द्या’ म्हणून माणसे तहसीलवर गेली, मोर्चे निघाले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात सगळ्यांना पटली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा करावा लागला. एकट्या माणसाने मागितले तर ती भीक ठरते, हजार जणांनी मागितले की त्याचा हक्क होतो, हे आम्ही त्या खडीच्या ढिगाजवळ शिकलो.

दुसरी आठवण १९७८ ची. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. शेकडो गावांत आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. आमच्या गावात घरे जळाली नाहीत, पण बहिष्कार पडला. दुकानदार मीठ देईना. गिरणीवाला दळण घेईना. खुरपणीला बोलावणे बंद. ज्यांच्या बांधावर आमच्या तीन पिढ्या राबल्या, त्यांची तोंडे चार दिवसांत परकी झाली. एका रात्री आमचा आजा म्हणाला, ‘चला.’ कयाधूच्या काठाकाठाने आम्ही हिंगोलीकडे निघालो. आजीला चालवेना, तेव्हा एका मुसलमान गाडीवानाने तिला गाडीत घेतले आणि वर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. त्या माणसाने स्वतःचा जीव धोक्यात घातला होता, हे आम्हाला मोठे झाल्यावर कळले.

आम्ही उतरलो ती हीच वस्ती. ज्या घरी उतरलो तिथे आधीच नऊ माणसे होती. घरोघर असेच पाहुणे. मग इथल्या बायांनी एक रीत पाडली. सकाळी भाकरी थापण्याआधी प्रत्येक घराने पिठाची एक मूठ बाजूला काढायची. एक म्हातारी टोपली घेऊन फिरायची, मूठ मूठ गोळा करायची आणि ज्या घरात पाहुणे जास्त तिथे नेऊन द्यायची. कोणी भाषण केले नाही, कोणी पावती फाडली नाही. दीड महिना ती टोपली फिरली आणि आम्ही जगलो. विद्यापीठाचे नाव १४ जानेवारी १९९४ रोजी बदलले, त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा ती टोपली आठवली.

बहिष्कार हे हत्यार जुने आहे. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती, त्या समितीत बाबासाहेब स्वतः सभासद होते. खेड्यातला आपला माणूस पोटासाठी वरच्या जातींवर अवलंबून आहे आणि म्हणूनच बहिष्काराने त्याला गुडघ्यावर आणता येते, हे त्या समितीने लिहून ठेवले. आज कायदा आपल्या बाजूला आहे. आपल्या राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे आणि २०१७ पासून लागू आहे. अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यातही सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून घातलेला आहे. पण कायद्याचा हात पोचेपर्यंतचे आठ-पंधरा दिवस खायचे काय? तो प्रश्न टोपलीनेच सोडवावा लागतो.

बाकीचे भराभर सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. देशातल्या चलनाचा ८६ टक्के पैसा, किमतीने, त्या दोन नोटांत होता. लेकीच्या लग्नासाठी डब्यात ठेवलेल्या नोटा घेऊन आपल्या बाया रांगेत उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याआधी मार्चमध्ये तिथल्या पाण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लावली होती. पाण्यावरून दंगल होईल अशी भीती सरकारलाच वाटली! आणि २०२२ साली आपली बौद्धांची श्रीलंका कोलमडली. परदेशी चलन संपले. पेट्रोल, गॅस, औषधे मिळेनात, तेरा तेरा तास वीज गेली, राष्ट्राध्यक्षाला देश सोडून पळावे लागले. घरी भाजीपाला पिकवावा म्हणून सरकारी नोकरांना शुक्रवारची सुट्टी द्यावी लागली. तेव्हा, ‘हे आपल्याकडे होणार नाही’ असे कोणी म्हणू नये.

आता धम्म काय सांगतो ते बघू. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला उपदेश केला. त्यात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा भाग आपत्तीसाठी राखून ठेवायचा. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे अंदाजपत्रक आहे! आणि दीघनिकायातल्या चक्कवत्ती सीहनाद सुत्तात तर समाज कसा कोसळतो तेच पायरीपायरीने सांगितले आहे. राजा गरिबाला धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्याने चोरी वाढते, चोरीने शस्त्रे वाढतात, शस्त्रांनी हत्या. शेवटी सात दिवस असे येतात की माणूस माणसाला सावजासारखा मारतो. काही थोडे लोक झाडीत, डोंगरकपारीत लपून कंदमुळे खाऊन जगतात. सात दिवसांनी ते बाहेर येतात, एकमेकांना बघतात, मिठी मारतात आणि ‘अरे, तू जिवंत आहेस!’ असे म्हणून ठरवतात की आता चांगले वागायचे. तिथून समाज पुन्हा उभा राहतो.

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. परदेशात काही श्रीमंत लोक तळघर बांधतात, त्यात वर्षाचे डबे भरून ठेवतात आणि बंदूक घेऊन दाराशी बसायची तयारी करतात. लपून जीव वाचत असेलही. पण सुत्तातला समाज लपल्याने उभा राहिला नाही, बाहेर येऊन मिठी मारली तेव्हा उभा राहिला. आपल्याकडे तळघर बांधण्याइतका पैसा नाही, आणि असता तरी शंभर घरांच्या वस्तीत एकच घर भरलेले असून चालत नाही. भुकेल्या गल्लीत भरल्या घराला झोप लागत नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे की तयारी घराघरात आणि विहारात, दोन्हीकडे झाली पाहिजे. काय काय करायचे ते सांगतो.

पहिली गोष्ट यादीची. प्रत्येक गल्लीसाठी एक बाई आणि एक गडी नेमा. कोणत्या घरात किती माणसे, म्हातारे कोण, बाळंतीण कोण, साखरेची-रक्तदाबाची गोळी कोणाला रोज लागते, रेशनकार्ड कोणाला नाही, कोण ऊसतोडीला गेले आहे आणि घरी मागे कोण आहे, हे वहीत लिहा. दुसऱ्या बाजूला कोणाच्या हातात काय आहे तेही लिहा : नर्स कोण, दाई कोण, हापसा दुरुस्त करणारा कोण, वायरमन कोण, गाडी कोणाकडे. दर सहा महिन्यांनी ही वही नवी करा. आणि या यादीत आपल्या गल्लीतले सगळे आले पाहिजेत. शेजारचा बंजारा असेल, मुसलमान असेल, मराठ्याचे गरीब घर असेल, त्याचेही नाव लिहा. आमच्या आजीला गाडीत घेणाऱ्याने जात विचारली नव्हती.

दुसरी गोष्ट धान्याची. हिशेब सोपा आहे. माणशी रोज ४०० ग्रॅम धरले तर महिन्याला १२ किलो, पाच माणसांच्या घराला ६० किलो. रेशनवरचे माणशी ५ किलो मिळाले तरी निम्म्याहून जास्त वरून लागते. ज्याला झेपते त्याने महिन्याभराचा दाणा घरात असू द्यावा. सुगीत भाव उतरलेला असतो तेव्हा घ्यावा, कडक ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरावा, आणि जुने आधी खावे. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी विहाराची कोठी. शंभर घरांनी महिन्याला फक्त एक किलो ज्वारी, गहू किंवा तांदूळ दिला तर वर्षाला १२ क्विंटल होतात. म्हणजे वस्तीतल्या सर्वांत अडलेल्या २० घरांना पूर्ण महिनाभर पुरेल इतके. साल संपले की कीड लागण्याआधी ते धान्य गरजू घरांना उसने द्यायचे आणि नव्या सुगीला तेवढेच परत घ्यायचे. सावकार सवाई-दिढीने घ्यायचा. आपण नेले तेवढेच घेऊ, वर दाणाही नको.

तिसरी गोष्ट कागदांची. ७८ साली जी घरे जळाली त्यांतली भांडी पुन्हा आली, कागद आले नाहीत. आज जातीच्या प्रमाणपत्राच्या पडताळणीत अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांची शाळेची टी.सी. उंदराने खाल्ली तर नातवाची नोकरी अडते. जातीचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, दवाखान्याची फाईल यांच्या दोन प्रती काढा. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घरात आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. मोबाइलमध्ये फोटो असू द्या, पण मोबाइलवरच विसंबू नका.

चौथी गोष्ट पैशाची. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. रुपयाचे मोल घसरले की व्यापारी तरून जातो, मजुरीवाल्याचे पोट मारले जाते, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. म्हणून सगळी अंडी एका डालग्यात ठेवू नका. थोडी रोकड घरात असावी, तीही लहान नोटांत. थोडी बँकेत. थोडी बचत गटात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही, हे पक्के लक्षात ठेवा. जास्त व्याजाच्या आशेने आम्हीही एका पतसंस्थेत पैसे ठेवले आणि एके दिवशी शटर खाली. आमची माय म्हणायची, जास्त दूध देते म्हणून सांगितलेल्या म्हशीला आधी स्वतः पिळून बघावे. आणि लग्नासाठी, डीजेसाठी कर्ज काढू नका. अंगावर कर्ज असलेल्या माणसाला पहिल्या धक्क्यालाच सावकाराचे दार गाठावे लागते.

पाचवी गोष्ट तोंडाची. घडी विस्कटते तेव्हा सर्वांत आधी अफवा धावते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. ते भटक्या जमातीचे, आपल्यासारखेच गरीब. मारणारेही गरीबच होते. मोबाइलवरच्या अफवा तिथे जिवावर उठल्या. खात्री नसलेली बातमी पुढे पाठवणार नाही, असा नियम आपल्या तरुणांनी आज इथे करावा. मुसावादा वेरमणी आपण रोज म्हणतो, ती मोबाइललाही लागू आहे.

आता शेवटचे, आणि थोडे अवघड. समितीने विहारासाठी नवी कमान बांधायचे ठरवले आहे, वर्गणीही सुरू झाली आहे. कमानीला आमचा विरोध नाही. विहार देखणे असावे असे आम्हालाही वाटते. पण आमची हात जोडून विनंती आहे की कमानीच्या आधी मागच्या खोलीत चार पत्र्याच्या कोठ्या आणि एक वजनकाटा येऊ द्या. खोलीची फरशी उंच करून घ्या, म्हणजे ओल लागणार नाही. आणि त्या खोलीच्या किल्ल्या तीन करा, त्यांतली एक महिला मंडळाकडे. २०२० साली किल्ली आम्हा पुरुषांच्या खिशात होती आणि भुकेची खबर बायांना होती. हे दोन्ही एका ठिकाणी आले असते तर ते आठ दिवस झाले नसते.

काही जण विचारतील, संकट आलेच नाही तर? तर फार चांगले. ज्वारी काही वाया जाणार नाही. कोणाच्या बाळंतपणाला, कोणाच्या आजारपणाला, ऊसतोडीहून रिकाम्या हाताने परत आलेल्या घराला उपयोगी पडेल. एखाद्या गरीब घरात रोज संकटच असते, ते आपल्याला दिसत नाही इतकेच.

ती भगिनी पुढे माहेरच्या गावी निघून गेली. जाताना तिने तक्रार केली नाही. आम्हाला मात्र अजून वाटते की तिने करायला पाहिजे होती.

येत्या पौर्णिमेला आम्ही आमच्या घरची पहिली पायली घेऊन येतो. तुम्ही मूठभर आणा, ओंजळभर आणा, पण रिकाम्या हाताने येऊ नका. या वस्तीने एकदा आम्हाला मूठभर पिठावर जगवले आहे. ते देणे आम्ही अजून फेडतो आहोत.

एवढे बोलून थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!